गिरणीचा भोंगा तुमच्या घरात काय सांगायचा?

सोलापुरात नवी पेठेतल्या एका गल्लीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, दुकानांची बिलबुकं, जयंतीचे फ्लेक्स, मधूनच एखाद्या मंडळाची स्मरणिका. वीस वर्षं मी दुसऱ्यांचं मराठी टाइप करतेय. स्मरणिकांसाठी जो मजकूर यायचा त्यात अध्यक्षांचं मनोगत असायचं, शुभेच्छा असायच्या, शहराचा इतिहास दीड पानात असायचा. ज्यांच्या हातांवर हे शहर चाललं त्यांचं बोलणं मात्र कधीच यायचं नाही. माग चालवणारा, कांडी भरणारी, विडी वळणारी, शाळेचे गणवेश शिवणारा, गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर वर्षानुवर्षं एकाच जागी दुकान मांडणारा, यांच्यापैकी कुणीच त्या पानांत नव्हतं. माझे वडील गिरणीत होते. ते गेले तेव्हा त्यांच्या कामाबद्दल मला दोन ओळीसुद्धा नीट सांगता येत नव्हत्या. तेव्हापासून ही गोष्ट मनात होती.

२०२३ च्या दिवाळी पाडव्याला अशा माणसांच्या गोष्टींसाठी वेबसाइट सुरू केली. भाच्यानं वर्डप्रेसवर मांडून दिली. डोमेन आणि होस्टिंगचे पैसे दुकानाच्या गल्ल्यातून गेले. पहिले अकरा लेख मीच लिहिले: आमची गल्ली, वडिलांचा डबा, भुईकोट किल्ल्याच्या बागेतली संध्याकाळ, चार दिवसांतून एकदा येणारं नळाचं पाणी. बाराव्या लेखाला अडले. माझ्याजवळचं सगळं त्या अकरा लेखांत सांगून झालं होतं. ज्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एका रिक्षात ऐकू येतात, ते माझ्या एकटीच्या आठवणीत कसं मावणार? बाहेरची माणसं लिहिती झाल्याशिवाय पुढं जायला वाट नव्हती.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. सुंदरसं आवाहन तयार केलं. "सोलापूरकरांनो, लिहिते व्हा! आपले लेख पाठवा." डिझाईन करणं माझं कामच, त्यामुळं ते दिसायला चांगलं झालं. शाळेच्या बॅचचा ग्रुप, गल्लीचा ग्रुप, वाचनालयातल्या ओळखीच्या लोकांचा ग्रुप, भिशीचा ग्रुप, सगळीकडं टाकलं. अंगठे आले, हात जोडलेले आले, "स्तुत्य उपक्रम" आलं. महिन्याभरात हातात पडल्या चार कविता, त्यातल्या तीन पावसावर, आणि एक जुना फॉरवर्ड, जो मी स्वतः दोन वर्षांपूर्वी वाचलेला होता. रिकाम्या पंगतीत पहिला जाऊन बसायला कुणालाच आवडत नाही, आणि माझी पंगत रिकामी होती. शिवाय "लेख" हा शब्दच अडचणीचा आहे हे मला फार उशिरा कळलं. लेख म्हटलं की माणसाला शाळेतला निबंध आठवतो, शुद्धलेखनाच्या लाल खुणा आठवतात. ज्यांच्याकडं सांगण्यासारखं खूप आहे तीच माणसं या शब्दाला सगळ्यात जास्त भितात.

त्याच दिवसांत ईमेलवर मात्र "लेखक" भराभर येऊ लागले. तुमच्या साइटवर आम्ही फुकट लेख देतो, फक्त आत आमची एक लिंक ठेवा. कुणी पैसेही देऊ करत होतं. विषय काय, तर कर्ज, सट्टा, केस गळणं. पहिल्या दोन मेलनी मी हुरळले होते, खोटं कशाला सांगू. भाच्यानं समजावलं की हा लिंक विकण्याचा धंदा आहे. पैसे घेऊन दिलेल्या लिंकवर गूगलच्या नियमाप्रमाणे तशी खूण करावी लागते, आणि या मंडळींना नेमकी ती खूण नको असते. ती न करता लिंका ठेवल्या तर साइट शोधात खाली ढकलली जाऊ शकते. त्या दिवसापासून अशा मेलला उत्तर देणं बंद केलं. नवी साइट सुरू करणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगते, कारण तुमच्या दारात सगळ्यात पहिल्यांदा हेच येतात.

खरी सुरुवात एका लग्नपत्रिकेनं झाली.

जानेवारीत, गड्डा नुकताच उठला होता, पूर्व भागातले, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतले, एक काका नातीची पत्रिका छापायला आले. मी स्क्रीनवर बॉर्डर दाखवत होते. दोन्ही बाजूंनी मोर असलेली एक बॉर्डर पाहून ते थांबले.

"ह्या मोराची मान चुकलीय की हो."

मला काही चुकलेलं दिसेना. त्यांनी काउंटरवरचं रद्दी बिलबुक उलटं केलं, माझ्या हातातला बॉलपेन घेतला आणि बारीक चौकटी आखल्या. मग एकेक चौकट भरत गेले. तीन घरं वर, एक घर आत, पुन्हा दोन वर, एक आत. पाच मिनिटांत त्या कागदावर मानेचा असा बाक उतरला की माझ्या स्क्रीनवरचा मोर खरोखर मान अवघडल्यासारखा दिसू लागला. काकांनी पस्तीस वर्षं चादरीच्या जॅकार्ड मागासाठी कार्डं पाडली होती. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढायची. बाण्याच्या, म्हणजे आडव्या, प्रत्येक धाग्यासाठी पुठ्ठ्याची एक पट्टी. पट्टीत भोक असेल तिथं ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो, नसेल तिथं खाली राहतो. अशा शेकडो पट्ट्या दोऱ्यानं ओवून मागावर चढवायच्या. १८०४ च्या सुमाराला फ्रान्समधल्या जॅकार्डनं काढलेली ही युक्ती, आणि तिच्यावर आमच्या सोलापुरी चादरीचे मोर उभे राहिले.

"एक भोक चुकलं, की झालं," काका म्हणाले. "मग जितक्या चादरी निघतील तितक्या चादरीत तो मोर तिथंच लंगडा."

मी म्हणाले, "काका, हे लिहून द्या ना मला."

"लिहायला कुठं येतंय बाई मला. चौथीपर्यंत शिकलो, ते पण तेलुगूत."

"मग सांगता का? मी लिहून घेते."

"सांगायला येतंय की!"

फोनचं रेकॉर्डिंग चालू करून काउंटरवर ठेवलं. दोन गिऱ्हाइकं मागं उभी होती, ती गेलीच नाहीत, ऐकत उभी राहिली. पत्रिकेचं राहिलं बाजूला. चाळीस मिनिटं काका बोलले. पहिलं कार्ड पाडायला शिकले तेव्हा उस्तादानं काय सांगितलं, रात्री दिव्याखाली चौकटी मोजून डोळे कसे ओले व्हायचे, नक्षी कॉम्प्युटरवर व्हायला लागली तेव्हा पहिल्यांदा मुकाट्यानं घरी कसे आले. रात्री बसून मी ते सगळं उतरवलं आणि दोन दिवसांनी ते कच्च्या पत्रिकेचं प्रूफ बघायला आले तेव्हा त्यांना वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकत होते. एका ठिकाणी हात वर केला.

"कलाकुसर? हे मी बोललो नाही. मी 'काम' म्हणालो."

खोडलं आणि "काम" केलं. लेख साइटवर चढला, वर त्यांचं नाव, खाली त्यांनी काढलेल्या त्या मानेचा फोटो. काकांना फोनवर बघण्यात रस नव्हता. त्यांनी छापून मागितलं. चांगल्या कागदावर पाच प्रती काढून दिल्या. त्यातली एक त्यांनी नातीच्या लग्नात कार्यालयाच्या दाराशी, गणपतीच्या फोटोशेजारी लावली. पुढच्या आठवड्यात माझ्या दुकानात तीन माणसं नुसती "ते मोराचं छापलं ते इथंच का?" विचारत आली. महिन्याभराच्या आवाहनानं जे झालं नव्हतं ते एका माणसाच्या पाच प्रतींनी झालं. तेव्हापासून साइटवर काहीही आलं की लिहिणाऱ्याला छापील प्रती देतेच. कागदाचा खर्च फार नाही, आणि घरातली म्हातारी माणसं फोनमधल्या नावापेक्षा कागदावरच्या नावावर जास्त विश्वास ठेवतात.

यातून मला जे उमगलं ते असं. सगळ्यांना मिळून एकच गोष्ट मागितली की कुणीच देत नाही. एका माणसाला, त्याला एकट्यालाच ठाऊक असलेली गोष्ट विचारली की तो रात्री झोपायच्या आधी आठवून आठवून सांगतो. म्हणून मी आवाहनाचा मजकूर काढून टाकला आणि त्या जागी एक प्रश्न ठेवला: "गिरणीचा भोंगा तुमच्या घरात कोणत्या कामाची वेळ सांगायचा?"

जुनी गिरणी, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू, जाम मिल. या शहरानं आपलं घड्याळ कैक वर्षं भोंग्यावर लावलं. गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले, पण साठीच्या पुढच्या प्रत्येक सोलापूरकराच्या कानात तो आहे. हा प्रश्न त्याच ग्रुपांवर टाकला जिथं आधी नुसते अंगठे आले होते. संध्याकाळपर्यंत व्हॉइस नोट येऊ लागल्या. एका बाईंची आई भोंगा झाला की चुलीवरची भाकरी उलटायची, कारण तेवढ्यात वडील गल्लीच्या तोंडाशी पोचलेले असायचे. एकाच्या घरी भोंग्याला अंथरूण गुंडाळायचं, कारण पाळीवरून आलेला काका त्याच जागेवर झोपणार. एका निवृत्त शिक्षकांनी सांगितलं की वर्गातली अर्धी पोरं भोंग्याबरोबर दप्तर आवरायला लागायची, घंटेची वाटच बघायची नाहीत. कुणाचं दोन ओळींचं, कुणाचं सात मिनिटांचं. लेख असा त्यात एकही नव्हता. मी ते सगळं माणसागणिक नाव घालून एकाखाली एक मांडलं, आणि आजही साइटवर सगळ्यात जास्त वाचलं जातं ते हेच पान आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन मिनिटं बोललेल्यांपैकी काहींना मी उलटा फोन केला. "तुम्ही अंथरुणाचं म्हणालात ना, एका खोलीत तीन पाळ्यांची माणसं कशी राहायची ते सांगाल का?" त्यांच्यापैकी सहा जणांनी पुढं मोठं लिहिलं.

आता फाँटचं दुखणं. नवीन साइटवाल्यांना कुणी हे सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. आमच्या पिढीच्या ज्या लोकांजवळ खरोखर लिहिलेलं होतं त्यांचं लेखन जुन्या फाँटमध्ये अडकलेलं होतं. श्रीलिपी, कृतिदेव, पेजमेकरच्या फायली. या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, त्यामुळं युनिकोड, म्हणजे आजची सगळीकडं चालणारी अक्षरपद्धत, असलेल्या फोनवर तीच फाईल उघडली की नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. एका निवृत्त गृहस्थांनी सोलापूरच्या विहिरींवर अठरा पानं लिहून ठेवलेली होती. त्यांनी ती तिघांना पाठवली, तिघांनीही "उघडत नाही" म्हणून सांगितलं, आणि त्यांनी नाद सोडला होता. मी ती बदलणारं सॉफ्टवेअर वापरून युनिकोडमध्ये आणली. रूपांतर कधीच शंभर टक्के होत नाही. रफार एक अक्षर इकडंतिकडं सरकतो, पहिली वेलांटी चुकीच्या अक्षराला चिकटते, जोडाक्षरं फुटतात. त्यामुळं ओळ न ओळ मूळ छापील प्रतीशी ताडून बघावी लागली. ती अठरा पानं वाचताना जे समाधान मिळालं ते सांगता येत नाही. एवढं काम करून ठेवलेला माणूस, आणि वाट अडली होती फाँटनं.

ज्यांना टायपिंग येत नाही त्यांना मी फोनच्या कीबोर्डवरचं माइकचं चित्र दाखवते आणि मराठी भाषा निवडून देते. बोललं की अक्षरं उमटतात. आमच्या बोलीतले शब्द त्याला नीट कळत नाहीत, "करायलाव" म्हटलं की भलतंच काहीतरी लिहितं, पण माणसाला एकदा आपलं बोलणं अक्षरात आलेलं दिसलं की भीती जाते. फोटोंच्या बाबतीत एकच सांगणं: व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर जुन्या फोटोतले चेहरे पुसट होतात.

माझ्या हातून झालेली एक मोठी चूक सांगायलाच हवी. एका ताईंनी शेंगाच्या चटणीवर लिहून पाठवलं. स्वतःच्या हातानं, वहीत, आणि वहीचे फोटो. भाजलेल्या शेंगा, लसूण, तिखट, मीठ, जिरं आणि उखळ; मिक्सरमध्ये होते ती चटणी नव्हे, तो कूट, असं त्यांचं ठाम मत. त्यांनी लिहिलं होतं, "कुटता कुटता तेल सुटाय लागतंय, मग समजायचं आता झालं." मी वीस वर्षांच्या सवयीनं ते "तेल सुटू लागते, तेव्हा चटणी तयार झाली असे समजावे" केलं. सगळाच लेख तसा घासूनपुसून चढवला. दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन. रागावल्या नव्हत्या, आवाज पडलेला होता. म्हणाल्या, "माझ्या बहिणीनं वाचलं. तिनं विचारलं, कुणाकडून लिहून घेतलंस?"

मला तो दिवस विसरता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा बाईनं लिहिलं आणि तिच्या बहिणीलाच ते तिचं वाटलं नाही. काकांनी "काम" म्हणून सांगितलं होतं तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. तासाभरात त्यांचं मूळ लेखन जसंच्या तसं परत चढवलं आणि खाली माझ्याकडून झालेल्या बदलाबद्दल क्षमा मागितली. नंतर कायदा वाचताना कळलं की १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ मध्ये लेखकाला हा हक्क स्वतंत्रपणे दिलेला आहे: लेखन विकून टाकलं तरी त्याची मोडतोड करून लेखकाच्या लौकिकाला बाध आणली तर तो हरकत घेऊ शकतो. ताईंना कायदा ठाऊक नव्हता, पण त्यांच्या मनाला जे लागलं ते तेच होतं. आता माझा नियम असा की टायपिंगच्या चुका सोडून एकही शब्द बदलायचा झाला तर आधी फोन. "बे", "लई", "की", "करायलाव" सगळं तसंच राहतं. ताईंनी पुढं हुरड्यावर आणि कडक भाकरीवर लिहिलं. त्यांनी पुन्हा वही उघडली हे त्यांचं मोठेपण.

कायदा मी वाचला त्याला निमित्त झालं एका वहीचं. एका नातवानं त्याच्या आजोबांची कवितांची वही आणून दिली. मी आनंदानं टाइप करायला घेतली, आणि त्याच्या पुण्याच्या काकांचा फोन आला की आम्हाला कुणी विचारलं? त्यांचं बरोबर होतं. लेखक गेल्यावर हक्क वारसांकडं जातो, आणि वारस एकटा नातू नव्हता. काम थांबवलं. चार महिन्यांनी चौघांच्या सह्या झाल्या तेव्हाच वही साइटवर आली. त्यानंतर मी एका पानाचा साधा मराठी मजकूर तयार केला. लेखनाचा हक्क लिहिणाऱ्याचाच राहील, आम्हाला फक्त साइटवर ठेवायची आणि ठरावीक प्रती छापायची परवानगी, ती कुठवर आणि किती वर्षांसाठी हे स्पष्ट, आणि काढून टाका म्हटलं की काढून टाकू. हक्क दुसऱ्याच्या नावे करून देताना मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता, हे वाचल्यावर मी दोन्ही गोष्टी कागदावर घालायला लागले. सही घ्यायच्या आधी तो कागद मोठ्यानं वाचून दाखवते. यामुळं माणसं बिचकतील असं वाटलं होतं. उलट झालं. "एवढं लिहून देताय म्हणजे नीट काम आहे," असं मला तिघाचौघांनी बोलून दाखवलं.

मानधनाचा प्रश्न मी सुरुवातीला टाळत होते. तो मला सोलापूरजवळच्या कुंभारीच्या घरकुलात सुटला. कम्युनिस्ट नेत्या गोदुताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरं उभी राहिली ती ही वसाहत. तिथल्या एका अक्कांबद्दल ऐकलं होतं, की त्या गोष्ट सांगायला लागल्या की आळी जमते. मी गेले तेव्हा अक्का उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. भिजवलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या मापावर ठेवायचं, कात्रीनं कापायचं, चिमटीनं जर्दा भरायचा, वळायचं, टोक दुमडायचं, दोऱ्याचे वेढे. नजर माझ्याकडं आणि बोटं सुपात. मी म्हणाले, जरा निवांत बसून बोलूया का? अक्का म्हणाल्या, "निवांत बसले तर हजार कसे भरतील? तू विचार की, मी कुठं तोंडानं वळायलाव?"

त्यांनी अडीच तास सांगितलं, हात एकदाही थांबले नाहीत. पण मधेमधे मी काही दाखवा म्हटलं, फोटो काढू दे म्हटलं, तेव्हा तेवढी त्यांची विडी राहिली. संध्याकाळी कारखान्यात माल द्यायचा होता, आणि त्यात जेवढी विडी कमी तेवढी मजुरी कमी. ती मजुरी माझ्यामुळं बुडाली होती. त्या दिवशी मी ठरवलं की मानधन द्यायचं, प्रत्येकाला, थोडं का असेना, लेख साइटवर चढेल त्याच दिवशी. दुकानांच्या चार जाहिरातींतून तेवढे निघतात. बँकेतून निवृत्त झालेले एकजण घेत नाहीत, त्यांची मर्जी. अक्कांच्या मुलाच्या फोनवर पैसे गेले तेव्हा त्यांनी मला फोन करून खात्री केली की हे खरंच बोलण्याचेच आहेत.

निघताना विचारलं, "अक्का, वर नाव काय घालू?" त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "माहेरचं घाल. ते कुठंच लिहिलेलं नाही." त्यांच्या लेखावर त्यांचं माहेरचं नाव आहे. तेव्हापासून मी नाव गृहीत धरत नाही, प्रत्येकाला विचारते. काहींना नाव नको असतं, तेही पाळते.

कॉलेजच्या मुलांचा अनुभव मिश्र आहे. प्रमाणपत्र देणार म्हटल्यावर एका आठवड्यात एकवीस लेख आले. त्यातले नऊ सिद्धेश्वर यात्रेवर, आणि नऊही लेखांत तेच दोन परिच्छेद: सात नंदीध्वज (मिरवणुकीतल्या मानाच्या उंच काठ्या), अडुसष्ट लिंगं, अक्षता सोहळा. सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर पाच लेख, सगळ्यांत १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ची फाशी, वाक्यंसुद्धा सारखी. माहिती खरी होती, पण कुणाची तरी उचललेली होती. मी प्रमाणपत्र बंद केलं आणि एकेकाला बोलावून विचारलं. त्यातल्या एका मुलाच्या घरातच नंदीध्वज पेलणारे होते! त्यानं त्यातलं एक अक्षर लिहिलं नव्हतं, कारण "ते घरातलंय, त्यात काय लिहायचं?" त्याला म्हटलं, इतिहास सगळा सोड, फक्त सराव लिही. यात्रेआधी कित्येक आठवडे जो सराव चालतो तो. त्यानं लिहिलं: एवढी उंच काठी अंगावर उभी राहते तेव्हा वडील वर बघत नाहीत, समोरच्याच्या डोळ्यांत बघतात, कारण काठी कलायला लागली की ते त्याला आधी दिसतं, आणि पांढरी बाराबंदी आई स्वतः धुते, कुणाला हात लावू देत नाही. हुतात्म्यांवर लिहिणाऱ्या एका मुलीलाही असंच विचारलं, तर तिच्या पणजीच्या घरी मार्शल लॉच्या दिवसांत पांढरी गांधी टोपी कणगीत ज्वारीखाली लपवली होती, ही गोष्ट निघाली. ही दोन्ही मुलं आता नियमित लिहितात आणि मला इतरांकडून रेकॉर्डिंगही आणून देतात.

रोजच्या कामाचं म्हणाल तर दोन गोष्टी मी मोडत नाही. काहीही आलं की दोन दिवसांत उत्तर, नकार असला तरी फोन करून, कारण माणूस पाठवल्यापासून वाट बघत असतो. आणि दर गुरुवारी एक लेख चढणार म्हणजे चढणार. सणावारांचं महिनाभर आधी विचारून ठेवते. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, तेव्हा त्याच आठवड्यात विचारलं तर पूर्व भागात कुणाला बोलायला सवड नसते.

आज साइटवर त्रेचाळीस जणांचं लेखन आहे. मी मोजते ते मात्र दुसरंच: किती जणांनी दुसऱ्यांदा लिहिलं. सतरा. मोराचे काका त्यात आहेत. त्यांनी आता कार्डांऐवजी नक्षीच्या कागदांबद्दल सांगायला घेतलंय. नक्षीचे जुने चौकटीचे कागद त्यांनी माळ्यावर गुंडाळी करून ठेवलेले आहेत, ते परवा खाली काढले. एक कागद उलगडला तर दुकानाचं काउंटर पुरेना. त्यावर पेन्सिलनं भरलेली कमळं, कडेला तेलुगूत मोजणीचे आकडे, आणि एका कोपऱ्यात चहाचा गोल डाग. माझ्या स्कॅनरवर तो बसत नाही, घडी घातली तर जागोजाग चिरेल. रविवारी दुकान बंद असतं तेव्हा काउंटरला बाकडं जोडून त्यावर चादर अंथरायची, एक टोक काकांचा नातू धरणार, दुसरं मी, आणि भाचा स्टुलावर चढून एकेका हाताच्या अंतरानं फोटो घेणार. काकांनी चादर स्वतःची आणतो म्हणून सांगितलंय.